ग्रंथपालांची पाठशाळा

ग्रंथपाल होण्यासाठी शिक्षण लागते, ही गोष्ट आमच्या समाजाला अजून पुरती पटलेली नाही. वैद्याला, वकिलाला, किंबहुना मोटार हाकणाऱ्यालाही परवाना लागतो हे सर्वांस मान्य आहे. परंतु पुस्तके कपाटातून काढणे व पुन्हा कपाटात ठेवणे एवढ्यासाठी विद्यापीठाने वर्ग चालवावेत, परीक्षा घ्याव्यात आणि वर पदवीही द्यावी, हे ऐकून पुष्कळ सुज्ञ माणसांच्या भुवया उंचावतात. आमच्या उल्हासनगरात तर हा प्रश्न अधिकच रोकड्या भाषेत विचारला जातो. कॅम्प चारमधील ज्या गल्लीत आम्ही राहतो, तेथे शिलाईयंत्रांची घरघर पहाटेपासून ऐकू येते. अशा गल्लीत एखाद्या मुलीने आपण ग्रंथालयशास्त्र शिकतो असे सांगितले, की शेजारीण विचारते, "म्हणजे नेमके काय शिकतेस गं? आणि पगार किती मिळेल?" पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्या मुलीला चटकन देता येत नाही, आणि दुसऱ्याचे द्यावेसे वाटत नाही.

अशी एक मुलगी आमच्या परिचयाची आहे. ती सुभाष टेकडीवर राहते. आमच्या महाविद्यालयात तिने आमच्याच हाताखाली इंग्रजी वाङ्मयाचा अभ्यास केला, आणि पदवी घेतल्यावर मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालय व माहितीशास्त्र विभागात नाव घातले. विठ्ठलवाडी स्टेशनावरून सकाळची गाडी पकडून ती मुंबईस जात असे, आणि सुटीच्या दिवशी आमच्याकडे येऊन तेथील खबरबात सांगत असे. आमच्या वयाच्या प्राध्यापकाला नवी विद्या विद्यार्थ्यांकडूनच शिकावी लागते. त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. तिच्या तोंडून त्या पाठशाळेची जी हकीकत आम्ही ऐकली, तिने आमच्या मनात काही विचार उत्पन्न केले. ते येथे मांडावयाचे आहेत.

तिने प्रथम सांगितले ते वर्गीकरणाच्या तासाविषयी. विद्यार्थ्यांपुढे पुस्तकांचा एक ढीग ठेवावयाचा आणि प्रत्येक पुस्तकाने ज्ञानाच्या विशाल वाड्यात कोणत्या दालनात बसावे हे त्यांनी ठरवावयाचे, असा तो अभ्यास असतो. ऐकावयास हे सोपे वाटते. परंतु पंढरीच्या वारीवरील एखादे पुस्तक घ्या. ते धर्मात घालावे, प्रवासवर्णनात घालावे, की समाजशास्त्रात? ज्याने ते भक्तिभावाने लिहिले त्याला विचाराल तर तो एक सांगेल, आणि दिंडीतील माणसांच्या जातीपाती व खर्चवेच अभ्यासण्यासाठी जो ते मागावयास येईल तो दुसरेच सांगेल. फळीवर मात्र त्या पुस्तकाला एकच जागा मिळते. पुस्तक एका ठिकाणी उभे राहणार आणि वाचक दहा वाटांनी येणार. त्या दहाही वाटांवर पाट्या लावून ठेवणे याला तालिकीकरण म्हणतात. ग्रंथकारांच्या नावांचीही अशीच कथा. गोविंदाग्रजांच्या कविता मागणारा आणि राम गणेश गडकऱ्यांची नाटके मागणारा हे दोघे एकाच माणसाच्या घरी आले आहेत, हे तालिकेने त्यांना सांगितले पाहिजे. कुसुमाग्रज आणि वि. वा. शिरवाडकर यांचेही तसेच. हे सर्व ऐकताना आमच्या ध्यानात आले, की ही विद्या मुळात आतिथ्याची आहे. जो पाहुणा अजून आलेला नाही, तो कोणत्या दाराने येईल आणि काय नाव घेऊन हाक मारील याचा आधी विचार करून ठेवावयाचा, हे तिचे सार दिसते.

या शिक्षणाची कुळकथाही मनोरंजक आहे. १८८७ साली न्यूयॉर्क येथील कोलंबिया महाविद्यालयात मेल्विल ड्यूई यांनी ग्रंथपालनाचा पहिला वर्ग काढला. त्यांच्या वीस विद्यार्थ्यांत सतरा स्त्रिया होत्या. विश्वस्तांना स्त्रियांचा हा प्रवेश रुचला नाही. त्यांनी वर्गासाठी खोली नाकारली, आणि ड्यूईंना अडगळीची एक खोली झाडून घेऊन तीत वर्ग भरवावा लागला. दोनच वर्षांनी ती शाळा तेथून उठून ऑल्बनी येथे गेली. तालिकेची पत्रे तेव्हा हाताने लिहावी लागत, म्हणून उभे, गोल आणि सुवाच्य अक्षर काढण्याचा सराव अभ्यासक्रमातच होता. आमच्याकडील पंतोजी धुळाक्षरांवर व कित्त्यावर एवढा भर का देत असत, याचे उत्तर त्या अमेरिकन गृहस्थांकडूनही मिळते.

हिंदुस्थानात ही विद्या आणण्याचा मान एका मराठी राजाकडे जातो. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांनी अमेरिकेतील ग्रंथालये स्वतः पाहिली होती. १९१० साली त्यांनी तेथील विल्यम बॉर्डन या ग्रंथपालास बडोद्यास आणले, आणि १९११ मध्ये बडोद्यात ग्रंथपालांचा वर्ग सुरू झाला. आपल्या देशातील तो पहिला वर्ग. लाकडी पेट्यांत पुस्तके भरून त्या खेडोपाडी फिरविण्याची व्यवस्थाही त्याच संस्थानाने केली. ग्रंथालयांविषयीचे एक नियतकालिक १९१२ पासून तेथून निघू लागले, आणि त्यात इंग्रजी, गुजराती व मराठी अशा तिन्ही भाषांतील मजकूर असे. ज्या राज्यात प्रजा दोन भाषा बोलते आणि दरबार तिसरी जाणतो, तेथे ग्रंथालयाच्या कारभारातही तिन्हींना जागा हवी हे त्या राजाने ओळखले होते. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी. पुढे तिच्याशी काम आहे.

बडोद्यानंतर १९१५ साली लाहोरास पंजाब विद्यापीठात डिकिन्सन नावाच्या दुसऱ्या अमेरिकन ग्रंथपालाने वर्ग काढला. मद्रासेस शियाळी रामामृत रंगनाथन हे मूळचे गणिताचे अध्यापक. १९२४ मध्ये ते विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, आणि आरंभी त्या सुनसान खोलीला इतके कंटाळले की पुन्हा शिकविण्याच्या कामावर घ्या असे विनवू लागले. परंतु लंडनला जाऊन ग्रंथपालनाचे शिक्षण घेऊन आल्यावर तेच गृहस्थ या शास्त्राचे आचार्य ठरले. १९२९ मध्ये त्यांच्या पुढाकाराने मद्रासेस वर्ग सुरू झाला, आणि १९३१ मध्ये त्यांनी आपले पाच नियम ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. त्यांचे तात्पर्य कोणत्याही गृहिणीला पटेल असे आहे: वस्तू वापरण्यासाठी असते, ज्याची त्याला मिळावी, पडून राहू नये, शोधण्यात वेळ जाऊ नये, आणि घर वाढते आहे हे धरून चालावे. एवढ्या साध्या गोष्टी सांगावयास गणिती लागला, यातच आमच्या ग्रंथालयांची त्या वेळची स्थिती दिसून येते.

मुंबई इलाख्यात १९३९ साली सरकारने आसफ अली असगर फैझी यांच्या अध्यक्षतेखाली ग्रंथालयविकासाचा विचार करण्यासाठी समिती नेमली. पुढच्याच दशकात मुंबई विद्यापीठाने ग्रंथपालनाचा पदविका-वर्ग काढला. १९६१ मध्ये श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठानेही मुंबईत ग्रंथालयशास्त्राची स्वतंत्र शाळा सुरू केली. महर्षी कर्वे तेव्हा शंभरी ओलांडून हयात होते. ज्या विद्येच्या पहिल्या वर्गात बायका बसल्या म्हणून कोलंबियात वादळ उठले, तिच्यासाठी पाऊणशे वर्षांच्या आत कर्व्यांच्या विद्यापीठात बायकांना हक्काची जागा मिळाली. सुभाष टेकडीवरून निघणाऱ्या आमच्या विद्यार्थिनीच्या वाटेवर या सर्वांचे पाय उमटलेले आहेत. तिला त्याची जाणीव नाही. पण चालणाराला रस्ता कोणी बांधला हे ठाऊक नसले तरी त्याचे अडत नाही.

आता त्या शाळेचे रूप पालटले आहे. नावात माहितीशास्त्र हा शब्द आला आहे, तो केवळ शोभेसाठी नाही. सुवाच्य अक्षराच्या सरावाची जागा संगणकाने घेतली. कोहा नावाची एक संगणकप्रणाली तेथे शिकवितात; न्यूझीलंडातील एका ग्रंथालयासाठी ती तयार झाली आणि २००० सालच्या आरंभी सुरू झाली. ती कोणालाही विनामूल्य वापरता येते. कोहा हा शब्द माओरी लोकांचा आहे, आणि त्याचा अर्थ भेट, पण परत काही द्यावयाच्या भावनेने दिलेली भेट, असा आहे. आमच्या मराठीत त्याला आहेर म्हणतात. रंगनाथनांच्या जयंतीनिमित्त १२ ऑगस्टला ग्रंथपाल दिन पाळतात, तेव्हा भाषणे होतात, जुन्या ग्रंथांचे प्रदर्शन मांडतात. संशोधनप्रबंधांतील वाङ्मयचौर्य कसे ओळखावे याचे पाठ देतात. हे सर्व इष्टच आहे. परंतु या धामधुमीत आमच्या विद्यार्थिनीच्या हाती जे काम आले, ते कोणत्याही अभ्यासक्रमात लिहिलेले नव्हते, आणि आमच्या मते या विद्येची खरी कसोटी तेथेच लागली. ते सांगण्यापूर्वी आमच्या गावाविषयी चार शब्द सांगणे अवश्य आहे.

उल्हासनगर हे नाव ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते पडले. त्यापूर्वी ही दुसऱ्या महायुद्धातील सैनिकांची छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या जवळजवळ एक लाख निर्वासितांना सरकारने या बराकींत आणून ठेवले. छावणीचे पाच भाग होते, म्हणून आमचे पत्ते अजूनही कॅम्प एक ते कॅम्प पाच असे लिहिले जातात. या माणसांनी येथे काय काय उभे केले याविषयी बरेच लिहिले गेले आहे. फर्निचरचा बाजार, कापडाचा बाजार, आणि परदेशी मालाची हुबेहूब नक्कल यांवर थट्टाही पुष्कळ झाली आहे. कॅम्प चारमध्ये पुढे मराठी वस्तीही भरभरून वाढली, आणि आज सुभाष टेकडीवर बुद्धवंदना आणि खालच्या गल्लीत झुलेलालाचे पंजडे एकाच वाऱ्यावर ऐकू येतात.

परंतु सिंधी माणूस मराठी मुलखात परका म्हणून आला, असे जे आमच्यापैकी बरेच जण समजतात ते सर्वस्वी खरे नव्हे. १८४७ पासून १९३६ पर्यंत सिंध मुंबई इलाख्यातच होता. तेथील कॉलेजे मुंबई विद्यापीठाला जोडलेली होती. कराचीचा विद्यार्थी आणि पुण्याचा विद्यार्थी एकच प्रश्नपत्रिका सोडवीत. इतकेच नव्हे, तर सिंधीची आजची अरबी वळणाची बावन्न अक्षरांची लिपी १८५३ मध्ये ठरली तीही मुंबई सरकारच्याच अमदानीत. हा संबंध आम्ही विसरलो, याचे एक कारण ती लिपीच होय. उजवीकडून डावीकडे जाणारी ती अक्षरे येथे वाचणारा मराठी माणूस विरळा. आणि आता तर सिंधी घरांतील नातवंडांनाही ती वाचता येत नाहीत. ती इंग्रजी शाळांत शिकली, घरी सिंधी बोलली, आणि लिहावयाची वेळ आली तेव्हा देवनागरी किंवा रोमन लिपीत लिहू लागली. १९६७ साली सिंधीला राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टात स्थान मिळाले. योगायोग असा की, महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदाही त्याच वर्षीचा. घटनेत भाषेला जागा मिळाली, कायद्यात ग्रंथालयाला जागा मिळाली; पण सिंधी पुस्तकाला फळीवर जागा मिळावयाची असेल तर मध्ये कोणी तरी ग्रंथपाल लागतो, आणि तो ती लिपी जाणणारा लागतो.

आमच्या विद्यार्थिनीच्या ओळखीच्या एका सिंधी कुटुंबात एक वृद्ध गृहस्थ होते. सर्व गल्ली त्यांना दादा म्हणे. अकरा वर्षांचे असताना ते आईवडिलांबरोबर कराचीहून आगबोटीने मुंबईस व तेथून कल्याणच्या छावणीत आले. वडील सिंधमध्ये शाळामास्तर होते. त्यांनी एका पत्र्याच्या पेटीतून काही पुस्तके आणली, आणि पुढे बापलेकांनी मुंबईत, अजमेरात व येथेच छापलेली पुस्तके जमवीत त्या पेटीची दोन कपाटे केली. इमारत जुनी झाली होती. २०२१ मध्ये आमच्या शहरात छते कोसळून माणसे दगावल्यापासून अशा इमारतींना रिकामे करण्याच्या नोटिसा लागू लागल्या. या इमारतीलाही तशी लागली. कुटुंबाने बदलापूरला भाड्याने जागा घेतली. तेथे दोन कपाटे मावणार नव्हती, आणि घरात दादांखेरीज ती पुस्तके वाचणारे कोणी नव्हते. रद्दीवाल्याशी बोलणे झाले होते. या मुलीने ते ऐकले आणि घरच्या माणसांकडे एक महिना मागून घेतला. विभागात प्रकल्प म्हणून तिने हेच काम मांडले व ते मान्य झाले. आणि आम्ही आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात एका कपाटाची तजवीज केली.

मोजली तेव्हा पुस्तके २८६ भरली. तिला त्यांतील एक अक्षर वाचता येत नव्हते. ज्या टोकाला ती पुस्तकाची अखेर समजत होती ते पहिले पान होते. वर्गांकाची चिठ्ठी कोठे लावावयाची आणि गुप्त पानावरचा शिक्का कोणत्या बाजूने मोजून मारावयाचा येथपासून नव्याने विचार करावा लागला. तिने प्रथम त्या लिपीतील आकडे शिकून घेतले, म्हणजे पृष्ठसंख्या तरी आपली आपल्याला लिहिता येईल. ड्यूईच्या पद्धतीत सिंधी वाङ्मयाचा अंक ८९१.४१ आणि मराठीचा ८९१.४६ आहे, मध्ये पंजाबी, हिंदी, बंगाली अशी मंडळी बसतात. फळीवर शेजार इतका जवळचा, आणि ओळख मात्र नाही, असे ती आम्हांस म्हणाली.

दर रविवारी दादा खुर्चीवर बसत आणि ती खाली दाखल नोंदवही घेऊन बसे. बिऱ्हाड बदलापूरला हलल्यावर, उरलेल्या पुस्तकांतून दहाबारा पिशवीत घालून ती विठ्ठलवाडीहून गाडीने तेथे जाऊ लागली. दादा पुस्तकाचे नाव वाचीत, ती देवनागरीत लिही. सिंधीत चार व्यंजने अशी आहेत की जी श्वास आत ओढून उच्चारावी लागतात. आमच्या ग, ज, ड, ब यांच्याखाली रेघ देऊन ती लिहितात. तिने साधा ब लिहिला की दादा मान हलवीत, पुन्हा उच्चार करून दाखवीत आणि रेघ दिल्याशिवाय पुढच्या पुस्तकाला हात लावीत नसत. एका पुस्तकास अर्धा अर्धा तास लागे. कारण नाव सांगून ते थांबत नसत. हे कोणी दिले, हे कोणत्या पगारातून घेतले, याच्या मुखपृष्ठावरून आईने कसे रागे भरले, हे सर्व ते सांगत. नोंदवहीच्या शेवटी शेरा म्हणून एक अरुंद रकाना असतो. पुस्तक हरवले, किंमत वसूल, रद्द केले, एवढ्याच गोष्टी त्यात लिहावयाच्या असतात. तिने दादांचे बोलणे त्या रकान्यात लिहावयास प्रारंभ केला. रकाना पुरेना, तेव्हा प्रत्येक पानाला एक कोरे पान जोडून शिवले. एका पुस्तकात घडी घातलेला कागद निघाला. तो दादांच्या वडिलांचा मॅट्रिकचा दाखला होता, आणि त्यावर मुंबई विद्यापीठाचे नाव होते. ज्या विद्यापीठाची ती विद्यार्थिनी, त्याच विद्यापीठाने सिंधमधील एका मुलाला पास केल्याचा तो कागद पाहून ती बराच वेळ बोलली नाही, असे दादांनीच आम्हांस नंतर सांगितले.

असे १९० ग्रंथ झाले. पावसाळ्यात दादांना ताप आला आणि श्रावणात ते वारले. ९६ पुस्तके राहिली.

त्यानंतर ती आमच्याकडे आली तेव्हा तिने जो प्रश्न विचारला, त्याने आम्हांस हा लेख लिहावयास लावले. ती म्हणाली, "सर, एकशेनव्वद पुस्तकांची नोंद झाली. पण ही पुस्तके मागायला येणार कोण? वाचकच उरला नसेल तर तालिका कोणासाठी करायची?" प्रश्न भावनेच्या भरात विचारलेला नव्हता. वाचकाच्या उपयोगासाठी ग्रंथालय, हे तिला शाळेत शिकविले होते. त्या तत्त्वानेच पाहिले तर दोन कपाटे रद्दीत जाणे योग्य ठरत होते. फळीची जागा थोडी असते, आणि न वाचले जाणारे पुस्तक वाचल्या जाणाऱ्या पुस्तकाची जागा अडविते. अशी पुस्तके काढून टाकण्याचेही शास्त्र आहे व तेही तिथे शिकवितात.

या प्रश्नाला आमचे म्हणणे असे आहे. वाचक आधी असतो आणि मग त्याच्यासाठी पुस्तक ठेवतात, हा क्रम नेहमीच खरा नसतो. पुष्कळ वेळा नोंद आधी होते आणि तिच्यामुळे वाचक निर्माण होतो. शंकर गणेश दाते यांनी गावोगावच्या ग्रंथालयांत जाऊन १८०० ते १९३७ पर्यंतच्या मराठी ग्रंथांची सूची केली आणि ती १९४३ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत असंख्य पुस्तके अशी आहेत की जी दात्यांच्या काळीही कोणी मागत नव्हते. आज मराठीच्या कोणत्याही संशोधकाला त्या सूचीवाचून पाऊल टाकता येत नाही, आणि ज्या पुस्तकाची सर्व प्रतींनिशी वाताहत झाली तेही त्या ओळीपुरते जिवंत राहिले आहे. आमच्याच परिसरातले पाहा. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे. बदलापुरात ग्रंथसखा वाचनालयाने तर दुर्मीळ मराठी ग्रंथांचा मोठा संग्रह केला आहे. मराठी पुस्तकाला या टापूत आईबाप आहेत. त्याच टापूत, त्याच रेल्वेमार्गावर, एका मोठ्या समाजाची पुस्तके मात्र किलोच्या भावाने जात आहेत, आणि ती कोणती होती याची यादीसुद्धा मागे राहात नाही.

कोणी म्हणेल, आता शोधयंत्रे आहेत; दोन शब्द टंकले की जगातील ज्ञान समोर येते; मग हा नोंदवहीचा खटाटोप हवा कशाला? आमचे तरुण विद्यार्थी असे वारंवार म्हणतात. परंतु शोधयंत्राला तेच सापडते जे कोणी तरी आधी त्याच्या पुढ्यात लिहून ठेवले आहे. कॅम्प चारमधील एका पलंगाखालच्या पेटीत काय आहे हे त्याला कोणी सांगितलेले नाही. पेटी उघडून, धूळ झटकून, म्हाताऱ्या माणसाच्या मुखातून नाव ऐकून ते लिहून घेणारे माणूस हवे. आणि ते लिहिताना नावातील कोणता शब्द आडनावाचा, सन कोणत्या पद्धतीचा, दुसरी आवृत्ती की दुसरे पुस्तक, हे कळणारे हवे. यासाठीच शिक्षण लागते. आमच्या गल्लीतील शेजारणीच्या पहिल्या प्रश्नाचे हे उत्तर आहे. दुसऱ्याचे उत्तर सरकारने व शिक्षणसंस्थांनी द्यावयाचे आहे, आणि ते आजवर समाधानकारक दिले गेलेले नाही.

वाचक उरला नाही हे तिचे म्हणणेही पुढे पुरते खरे ठरले नाही. दादांची नात औषधनिर्माणशास्त्र शिकते. तिला आजोबांची लिपी येत नाही. मासिकश्राद्ध आटोपल्यावर ती एके दिवशी आमच्या ग्रंथालयात आली आणि आजोबांची पुस्तके पाहू लागली. पुस्तके तिला मुकीच होती. मग ग्रंथपालांनी तिच्या हाती ती नोंदवही दिली. ती देवनागरीत होती. दुपारपासून ग्रंथालय बंद होईपर्यंत ती मुलगी शेऱ्याचा रकाना वाचीत बसली होती, आणि जाताना तिने विचारले की ही लिपी शिकावयाची असल्यास कोठे जावे लागेल. त्या दोन कपाटांतून तयार झालेले, तिला वाचता येणारे पहिले पुस्तक ती नोंदवही ठरली.

म्हणून ग्रंथपालांच्या पाठशाळांना आमची एक सूचना आहे. मुंबई विद्यापीठात ग्रंथालयशास्त्राचा विभाग आहे आणि सिंधीचाही विभाग आहे. एकीकडे नोंद कशी करावी हे जाणणारे विद्यार्थी आहेत, दुसरीकडे काय लिहिले आहे हे वाचू शकणारे अभ्यासक आहेत. या दोघांची जोडी लावून दर वर्षी काही विद्यार्थ्यांना महिनाभर उल्हासनगरच्या पाचही कॅम्पांत पाठविले, तर थोड्या वर्षांत येथील घरांतल्या सिंधी पुस्तकांची सूची तयार होईल. त्याला फार पैसा लागणार नाही. प्रणाली फुकट आहे, वह्या स्वस्त आहेत, आणि लोकलचे भाडे विद्यार्थ्यांना परवडते. बडोद्याच्या पहिल्या वर्गाच्या मागे जी बहुभाषिक दृष्टी होती, तिचा हा साहजिक विस्तार होईल. मात्र एक गोष्ट पैशाने मिळणार नाही. छावणीत आले तेव्हा जे दहाबारा वर्षांचे होते, ते आज ऐंशीनव्वदीच्या घरात आहेत. पुस्तकाचे नाव दुसरा कोणीही वाचून देईल. परंतु शेऱ्याचा रकाना भरणारी माणसे तीच, आणि दर पावसाळ्यात ती कमी होत आहेत.

ती ९६ पुस्तके आता आमच्या ग्रंथालयातील कपाटाच्या खालच्या दोन फळ्यांवर उभी आहेत. मुलीने त्यांच्याही नोंदी केल्या आहेत: दाखल क्रमांक, उंची, पृष्ठसंख्या, बांधणी, चित्रे आहेत की नाहीत. ग्रंथनाम आणि ग्रंथकार हे दोन रकाने तिने कोरे ठेवले असून त्यांत पेन्सिलीने बारीक टिंब दिले आहे. पूर्वीची सिंधी लिपी वाचता येणारे कोणी या मासिकाच्या वाचकांत असतील, किंवा त्यांच्या घरी तसे वडीलधारे असतील, तर त्यांनी या मासिकाच्या पत्त्यावर आम्हांस कळवावे. रविवार हा दिवस तिला सोयीचा पडतो.